शिसपेन्सिलीवर फिरवलेली शाई

बाई,

शुक्रवारी तुमच्या शोकसभेत चौदा जण बोलले आणि एकालाही तुमचा राग आठवला नाही. एक प्राध्यापक तर तुम्हाला मितभाषी म्हणाले. मितभाषी! मी तोंडाला पदर लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. नगररचना खात्यातली तुमची सुरुवात, मग कॉलेजातली वर्षं, मग मुंबईला सरकारी समितीवरचं काम, सगळं वाचून दाखवलं. ते छापूनही आलंय, मी पुन्हा लिहीत नाही. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि तुम्ही गेलात म्हणून ते टळलं असं समजू नका.

त्या सभेत शेवटच्या रांगेत कौसाबाई बसल्या होत्या. खाणीच्या वस्तीतल्या कौसाबाई, बरोबर त्यांच्या भावकीतल्या चार बायका. भाषणांतलं त्यांना किती कळत होतं कोण जाणे, पण एकीनेही मान हलवली नाही. त्यांच्या दहा घरांची सुनावणी सोमवारी होती. त्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही तर दहा कुटुंबांचं जुनं घर पाडलं जाणार होतं आणि नव्या वसाहतीत त्यांना खोली मिळणार नव्हती. त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा कागद म्हणजे तुमचा अहवाल. आणि त्यातली ती एक ओळ माझ्या हातची.

आज मंगळवार. सुनावणी काल झाली. सुरुवातीपासून सांगते. यातलं बरंचसं तुम्हाला आधीच ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्ही नगररचना खातं सोडून आमच्या कॉलेजात आलात, पण खात्याने काही तुम्हाला सोडलं नाही. वस्त्यांची पाहणी करायची वेळ आली की साहेब लोक तुमच्या दारात. तुम्ही आम्हा सहा जणींना घेतलंत. मी भिंगारची, वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये, आईला वाटे मुलीने बँकेची परीक्षा द्यावी. तुम्ही आमच्या क्वार्टरवर आलात, आईच्या हातचं भाकरी-पिठलं खाल्लंत आणि जेवता जेवता वडिलांना विचारलंत की विहाराच्या कमिटीवर एकही बाई कशी नाही. वडील घास घेऊन तसेच थांबले. तुम्ही गेल्यावर म्हणाले, बाई तिखट आहेत, जा तू त्यांच्याकडे.

तुमचे नियम दोनच. पहिला, घरात किती जण हे तोंडी विचारू नका, चूल बघा. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. माणसं रेशनसाठी वाढवून सांगतात, पाहुण्यांसमोर लाजेने कमी सांगतात, चुलीचं तसं नसतं. दुसरा, पहिल्या भेटीत सगळं शिसपेन्सिलीने लिहायचं. पुन्हा जाऊन पाहायचं, मगच शाई. घरी बसून कोणी शाई फिरवली तर तिला मी पेपरात नापास करीन, असंही तुम्ही वर्गात म्हणाला होतात. आम्ही हसलो होतो.

खाणीच्या वस्तीत मी गेले तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. आदल्या दिवशी कौसाबाईंचे सासरे वारले होते. त्यांच्या भावकीची अकरा दारं, एकाला एक लागून. राख सावडेपर्यंत भावकीतली एकही चूल पेटवायची नाही, ही त्यांच्यातली रीत. सोयऱ्यांनी भाकऱ्या आणि आमटी आणली होती. अंगणात एकच पातेलं, एकच पंगत, आणि अकराही घरांतल्या चुली गार. मी नियमाप्रमाणे लिहिलं: एक चूल, एक कुटुंब, प्रमुखाचं नाव म्हणून थोरल्या भावाचं. शिसपेन्सिलीने.

संध्याकाळी फॉर्म तपासताना तुम्ही तिथेच अडलात. एवढ्या माणसांचं एक कुटुंब कसं, म्हणालात. मी मयतीचं सांगितलं. तेव्हा तुम्ही चिडला नाहीत. सुतक आहे, आज त्यांना त्रास देऊ नकोस, दहावा झाला की जा आणि प्रत्येक घरात शिरून चूल बघून ये, एवढंच म्हणालात. फॉर्मच्या कोपऱ्यात फुलीही केलीत.

मी दहाव्याला गेले, बाई. तुमची शपथ, गेले होते. खाणीच्या वळणावर चहाची टपरी होती, तिथपर्यंत गेले. तिथून मांडव दिसला. मुंडण केलेले पुरुष, पाहुणे, पानं मांडलेली. पंचवीस वर्षांची मी, हातात फॉर्मची पिशवी, आणि त्या लोकांत जाऊन विचारायचं की तुमची चूल कुठाय? मला धीर झाला नाही. उद्या येऊ म्हणून परत फिरले. उद्या दुसऱ्या वस्तीचं काम निघालं. मग परवा. मग आठवडा गेला, आणि एका दुपारी भिंगारला आमच्या पुढच्या खोलीत बसून मी शिसपेन्सिलीवर शाई फिरवली. सगळ्या फॉर्मवर फिरवायचीच होती, त्यात हाही एक. खाली छापील ओळ होती, पडताळणी केली. तिथे सही केली.

पाहणी संपल्यावर तुम्ही आम्हाला एसटीने भंडारदऱ्याला नेलंत. धरणाच्या भिंतीपाशी आपण कणसं खात होतो. सगळ्या पोरी वाऱ्याने उडणाऱ्या ओढण्या धरून हसत होत्या आणि तुम्ही मध्येच माझ्याकडे वळून म्हणालात, खाणीच्या वस्तीत दहाव्यानंतर गेली होतीस ना? मी म्हटलं, हो बाई, जाऊन आले. एकच चूल आहे. कणसाचा दाणा दातात अडकलेला, आणि मी किती सहज बोलले! तुम्ही मान हलवलीत आणि पुढचं कणीस मागितलंत. ते खोटं पुढे तीस वर्षं तसंच राहिलं.

त्या अहवालाचं मग केवढं कौतुक झालं. मुंबईला तुम्हाला बोलावलं ते त्यावरूनच. आणि जाताना तुम्ही मला खात्यात नोकरीसाठी चिठ्ठी दिलीत. त्यात लिहिलं होतं, ही मुलगी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर काही लिहीत नाही. मी ती चिठ्ठी देऊन नोकरीला लागले. माझं घर, मुलांची शिक्षणं, नवऱ्याच्या आजारपणातली दवाखान्याची बिलं, सगळं त्या नोकरीवर. चिठ्ठीची झेरॉक्स अजून कपाटात आहे. मी ती कधी पूर्ण वाचू शकले नाही.

आपण भांडलो ते मात्र दुसऱ्याच गोष्टींवरून. समितीवर असताना तुम्ही मला म्हणायचात, तू नकाशांत गाडली गेलीस मंदे, माणसं विसरलीस. मी म्हणायची, तुम्ही मुंबईत एसीत बसून आम्हाला माणसं शिकवू नका. एकदा तर तुम्ही फोन आपटलात आणि पंधरा दिवस बोलला नाहीत. मग स्वतःच कर्जतहून लिंबांची पिशवी पाठवलीत, भावाच्या शेतातली. त्यावर चिठ्ठी नव्हती, माफीबिफी तुमच्या स्वभावात नव्हतीच. मी लोणचं घातलं आणि बरणी घेऊन आले. आपलं जमायचं ते असं. खरं सांगते, तुम्ही मला नसतं ओढून नेलंत तर मी कोणत्या तरी बँकेत शिक्के मारत म्हातारी झाले असते. कोणत्याही गल्लीत शिरले की आजही मी आधी बघते पाणी कोण भरतंय, कचरा कुठे टाकतात, म्हाताऱ्यांची बसायची जागा कुठाय. ती नजर तुमची. तिच्याबद्दल मी कधी तुम्हाला बरं म्हणाले नाही, तेवढं राहिलंच.

या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं आणि खाणीची वस्ती हलवायचं ठरलं. ज्याचं नाव जुन्या पाहणीत त्यालाच खोली. थोरल्या भावाचं नाव यादीत, धाकट्या दहा घरांचं नाही. कौसाबाई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मी माझ्या टेबलावरच होते. माझ्या शेजारच्या सहकाऱ्यापुढे उभ्या राहून त्या सांगत होत्या, तवा आमच्यात मयत झाल्ती साहेब, आमी सगळे एका पंक्तीला हुतो. सहकारी म्हणाला, आजी, नंतर पडताळणी झालीय, सही आहे. मी फायलीत डोकं घातलं. ती सही त्याने ओळखली नाही, माझं तेव्हा माहेरचं आडनाव होतं.

मग त्या तुमच्याकडे आल्या. तुम्ही निवृत्त होऊन सावेडीत राहत होता, गुडघे धरलेले, पण वाघीण ती वाघीणच. महिन्याभरापूर्वी मला बोलावून घेतलंत. तुम्ही मेथी निवडत होता. एक जुडी माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात की खाणीच्या वस्तीतले लोक म्हणतात, दुसऱ्यांदा कोणी आलंच नव्हतं. मी काड्या तोडत राहिले. तुम्ही थांबलात. चांगल्या थांबलात. आणि मी म्हटलं, गेले होते ना बाई, त्यांना आता काय आठवणार, किती वर्षं झाली.

बरं, म्हणालात तुम्ही. फक्त बरं. तुमच्यासारख्या बाईने वाद न घालता बरं म्हणावं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्यानंतर आणखी दोनदा तुम्ही विषय काढलात. एकदा फोनवर, आडून आडून. आणि शेवटी दवाखान्यात. नाकात नळी, हात सुजलेला. मी तुमचे पाय दाबत होते. तुम्ही विचारलंत, सुनावणीला जाणार आहेस ना? मी म्हटलं, ऑफिसात बघते कसं काय आहे ते. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. तिसऱ्या दिवशी तुमच्या भावाचा फोन आला.

आता शुक्रवारची गोष्ट. शोकसभा संपली, लोक चहाकडे वळले, आणि कौसाबाई थेट माझ्यासमोर आल्या. तेव्हा फॉर्म घेऊन आलेली पोरगी त्यांनी ओळखली होती. सत्तरी उलटलेली बाई, पण नजर अशी की मी भिंतीला टेकले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, बाई दोन महिन्यांमागं आमच्याकडं आल्त्या. रिक्षातून उतरवून दोघींनी धरून आणली. अकराही दारं फिरल्या. मग माझ्या वट्यावर बसून इचारलं, दहाव्यानंतर कुनी पोरगी आल्ती का? मी म्हनलं, न्हाई.

म्हणजे मेथी निवडताना तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही विचारायला नाही, ऐकायला बोलावलं होतंत.

मी कौसाबाईंना म्हटलं, मग बाईंनी लिहून का नाही दिलं? त्यांच्या एका सहीने काम झालं असतं. त्या म्हणाल्या:

"आमी बी तेच म्हनलं. तर म्हनल्या, मी त्या दिवशी दारात गेले न्हाई, मी काय सांगू? जिनं सही केली तिनंच सांगाया पायजे."

एवढं बोलून त्या चपला शोधायला गेल्या.

बाई, मी त्या रात्रीपासून तुमच्यावर धुमसतेय. हो, तुमच्यावर. माझं चुकलं, शंभर वेळा चुकलं, ते मी कबूल करते. पण तुम्ही काय केलंत? दहा घरं टांगणीला लावलीत, माझ्या तोंडून खरं निघावं म्हणून? मी तुमची विद्यार्थिनी आहे, ठीक. कौसाबाई तुमच्या विद्यार्थिनी नाहीत. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, तिने कुठे जायचं? तुम्ही एक ओळ लिहिली असतीत, अहवालात चूक आहे, तर आमच्या साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली असती. तुमचं नाव डागळलं असतं म्हणून नाही लिहिलंत, असं मी म्हणणार नाही, तेवढी मी तुम्हाला ओळखते. तुम्ही माझ्यासाठी थांबलात. मला नापास करायचं होतं की पास, हे मात्र अजून कळत नाही.

शनिवार-रविवार मी कोणाशी धड बोलले नाही. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, आई, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, खोट्या पडताळणीची चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, आणि गेलेल्या बाईंचं नाव आत्ताच्या आत्ता मातीत घालायचंय का तुला? त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. सोमवारी सकाळी मी मोबाईलवर आजारपणाची रजा टाकली. कणकण आहे असं लिहिलं. साडेदहापर्यंत भिंगारच्या घरात पंख्याखाली बसून होते. अकराला सुनावणी.

तेवढ्यात माझ्या त्या सहकाऱ्याचा फोन आला. रजा पाहिली, काळजी घ्या, म्हणाला. आणि मग खुशीत सांगायला लागला की आजची केस सोपी आहे. बाईंच्या अहवालातली पडताळणीची ओळ वाचून दाखवायची, संपलं. बाईंच्या शब्दापुढे ते वस्तीवाले काय बोलणार? वर म्हणाला, बाईंना आपल्याकडून हीच श्रद्धांजली.

काय सांगू, माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुमच्या नावाने त्या घरांवर जेसीबी घालणार आणि त्याला श्रद्धांजली म्हणणार! मी साडीही बदलली नाही. रिक्षावाल्याला म्हटलं, दामटव.

पोचले तेव्हा सुरू झालं होतं. सुनावणी घेणारे अधिकारी तरुण होते, बाहेरून बदलून आलेले, तुम्हाला ओळखतही नसतील. समोर दहा घरांतले लोक उभे. सहकारी ती ओळ वाचतच होता. मी दारातून म्हटलं, साहेब, मला बोलायचंय. त्यांनी विचारलं, आपण कोण, कोणाच्या बाजूने? मग मी माझं माहेरचं आडनाव लावून नाव सांगितलं आणि म्हटलं:

"ती सही माझी आहे. मी पडताळणीला गेले नव्हते. बाईंनी मला जायला सांगितलं होतं, आणि मी त्यांना खोटं सांगितलं."

सहकारी माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या ताटात माती टाकली. साहेबांनी दोनदा विचारलं, याचे परिणाम माहीत आहेत का? म्हटलं, आहेत. त्यांनी जबाब टाइप करायला लावला, मी सही केली. अकराही दारांची नव्याने पाहणी होईपर्यंत कोणत्याही घराला हात लावायचा नाही, असं त्यांनी तिथेच लिहायला सांगितलं. खोल्या मिळतील की नाही, अजून माहीत नाही. मला नोटीस मात्र मिळेल, बहुतेक याच आठवड्यात.

बाहेर व्हरांड्यात कौसाबाई बाकावर बसल्या होत्या. मी हात जोडले. त्यांनी माफबिफ काही केलं नाही, करूही नये. शेजारची जागा पदराने पुसली, एवढंच. मग सांगायला लागल्या. त्यांची पोरं चिडली होती, म्हणे. माझं नाव शोधून काढून पेपरात द्यायचं, ऑफिसवर मोर्चा न्यायचा, एका वकिलाशी बोलणंही झालं होतं. तुम्ही अडवलंत. त्यांच्या वट्यावर बसून तुम्ही पोरांना म्हणालात, मोर्चा नको, वकील नको, ती स्वतः येईल. पोरं म्हणाली, नाही आली तर? तुम्ही म्हणालात, मी तिला शिकवलंय, येईल ती. आणि तुमच्या शब्दावर ती दहा घरं गप्प बसली. वकील केला नाही. दुसरा एक कागद गोळा केला नाही. काल सकाळी ते सगळे रिकाम्या हाताने आले होते, बाई, फक्त माझी वाट बघायला.

आणि मी घरात पंख्याखाली बसले होते. सहकाऱ्याचा फोन दोनदा वाजून बंद झाला होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो बंद करून टाकावा म्हणूनच मी हातात घेतला, आणि चुकून उचलला गेला.

नसता उचलला गेला तर, बाई?